ताईची किडनी रुसली आहे

४ मार्च
ऑपरेशन उत्तम. किडनी ताईची असली तरी आता माझ्या ताब्यात आहे, तेव्हा शिस्तीत चालेल. सोमवारी साइटवर येतो, असा मेसेज करून टाकला. तीन मजल्यांची पुट्टी बाकी आहे, आणि मी नसलो की आमचे रंगारी एक हात मारून दोन सांगतात.

५ मार्च
पिशवीत लघवी नावाला. मोठे डॉक्टर म्हणाले, किडनी अजून झोपलीय, कधीकधी वेळ घेते, घाबरू नका. मी कुठे घाबरलोय? ताईसुद्धा कधी लवकर उठत नाही.
डायलिसिस पुन्हा. हे शेवटचं.

७ मार्च
ताई टाके सांभाळत, भिंत धरत माझ्या खोलीत आली. आल्या आल्या, नांदतेय का रे माझी? जशी काही लेकच दिलीय. म्हटलं, रुसलीय जरा. तर म्हणे, तूच काहीतरी टाकून बोलला असशील.
सोमवार जमत नाही. बुधवारी नक्की.

९ मार्च, दुपार
डायलिसिस. अगदी शेवटचं. फार थकवा.
लघवीची नळी काढली. आता मापाच्या भांड्यात करायची, सिस्टरला दाखवायची. जेवढी होईल त्याहून थोडंसंच जास्त पाणी प्यायला मिळणार. भांड्याचा तळ जेमतेम ओला होतो.
ताईला डिस्चार्ज मिळालाय, पण बाई हलत नाही. किडनी चालू झाल्याशिवाय घरी जाणार नाही म्हणते. दाजी बॅग धरून दारात उभे. ही बाकावर कण्हत बसलेली. बघवत नाही.

१० मार्च
भांड्यात थोडं नळाचं पाणी घातलं. यात फसवणूक काही नाही. रंगातही घालावंच लागतं, त्याशिवाय ब्रश फिरत नाही. सगळ्यांना जरा हुरूप यावा, एवढंच.
सिस्टर खूश. ताईने भांडं हातात घेऊन बघितलं, डोळे पुसले आणि निमूट घरी गेली. जाताना बजावलं, जप हिला.
एकदाच केलं. आता बंद.

११ मार्च
दुसरा कोट. एकदम कमी दिसली असती तर संशय आला असता. उद्यापासून बंद.
आनंदाची बातमी: डायलिसिस पुढे ढकललं आणि प्यायला भरपूर पाणी मिळालं.

१२ मार्च
चपला पायात जात नाहीत. चपलाच आखूड आहेत. आडवं झालं की दम लागतो. उशी बेकार. बुधवारचं कळवायचं राहून गेलं.

१३ मार्च
छातीत पाणी. ऑक्सिजन, तातडीने डायलिसिस. डॉक्टरांनी विचारलं, लघवी इतकी होते तर अंगात एवढं पाणी साठलं कसं? सगळे भांड्याकडे बघत होते, मी छताकडे. छताचं फिनिशिंग अगदी वाईट आहे.
शेवटी सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत, खुर्ची ओढून बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईलाही त्यांनीच फोन केला.
सिस्टर आता बाथरूमच्या दारात उभी राहते.

१७ मार्च, सकाळ
झाली! अर्धं भांडं! पिवळी, कोमट, नळाशी संबंध नाही. सिस्टरने दोनदा बघितलं आणि पाठीवर थाप मारली.
लगेच ताईला फोन. म्हटलं, नांदायला लागली गं. ती म्हणाली, सिस्टरला दे. सिस्टरने तिला सगळं सांगितलं, अगदी रंगासकट. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा ताई रडत होती. मला वाटलं, आनंदाने. म्हणाली, त्या दिवशीही सिस्टर खूश होती, भांडं मीच हातात घेतलं होतं, आणि घरभर सगळ्यांना उठवून सांगितलं होतं. टाके दाखवायला येईन तेव्हा बाथरूमच्या दारात उभी राहून बघेन, तोवर काही कळवू नकोस.

संध्याकाळ
भांडं काठोकाठ. सिस्टरने आकडा लिहून घेतला आणि ओतून टाकलं. तिच्या दृष्टीने बरोबरच आहे.
मला ते ताईला दाखवायचं होतं.