न भाजलेला वाफा

नागपूर, ५ फेब्रुवारी

तीर्थरूप आबा,

तुम्हाला आणि आईला अनुपमाचा नमस्कार. मी मजेत आहे, मेसचं जेवण आता अंगी लागतंय. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तुम्ही अर्धंच ऐकता, म्हणून पत्र लिहितेय.

इथल्या कृषी कॉलेजात पहिल्या वर्षी भाताच्या रोपांसाठी प्रत्येकीला एक वाफा मिळाला होता. मी आपल्या पोलादपूरच्या रीतीने पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजला. इकडे राब कुणाला ठाऊकच नाही. धूर बघून सगळे धावले आणि मग हसत सुटले. मी खोलीवर जाऊन बॅग भरली होती. हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही.

इथे दर दहा मुलांमागे एक शिक्षक मेंटॉर असतो. माझ्या मेंटॉर देवश्री मॅडम. त्या रागावल्या नाहीत. "का भाजतात?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आबा भाजतात म्हणून. त्यांनी शेजारचा वाफा दिला आणि म्हणाल्या, "हा न भाजता कर, मग दोन्ही बघून मला सांग."

भाजलेल्यात तण कमी आलं, तुमचं खरं. पण न भाजलेल्यातली रोपंही तितकीच जोमदार होती. ते सगळ्या वर्गापुढे मीच सांगितलं.

मेमध्ये मॅडम माझ्याबरोबर रेल्वेने वीर स्टेशनला उतरून आपल्याकडे येतायत. आपला एक वाफा न भाजता ठेवू, असं मी तुम्हाला न विचारता त्यांना कबूल केलंय. "काय गो, आता तू मला शिकवणार हायस?" हे मला इथूनच ऐकू येतंय.

खुशाल म्हणा. फक्त रागावण्याआधी एकदा "का?" विचारा.

तुमची,
अनू