कॅनच्या मानेवरचा बर्फ

४ नोव्हेंबर २००६
शहरातल्या सरकारी केंद्राचं पत्र आलं. मंदावर गेल्या वर्षी जिथं उपचार झाले, तेच. 'आपले तीन गर्भ गोठवलेल्या स्थितीत आहेत. साठवण पुढे चालू ठेवण्यासाठी पती-पत्नीने समक्ष येऊन सह्या कराव्यात.' मंदाने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिला वाचता येतं, तरी.
योजनेत एका जोडप्याला एकदाच. तेव्हा पाच झाले होते. दोन पोटात सोडले, राहिले नाहीत. उरले हे तिघं. ती एकोणचाळीसची, मी पन्नाशीला टेकलो. यांच्यानंतर काही नाही. खासगीत जायची आपली ऐपत नाही, आणि वय तरी कुठे आहे.

१५ नोव्हेंबर
पहाटे वाटूर फाट्यावरून गाडी धरली. अकराला पोचलो. सह्या झाल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जानेवारीत बोलावू, तिन्ही एकदमच सोडू.
बाहेर करीमभाई भेटला. तिथला परिचर. गेल्या वर्षीपासूनची ओळख. माझंच काम करतो, गोठवून ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा कॅन सांभाळायचं. मी गुरांच्या दवाखान्यात, तो माणसांच्या. मला बघून नेहमीची थट्टा. 'आओ साहब! तुमच्याकडं सांडाचं नाव, गाव, खानदान सगळं रेताच्या कांडीवर लिवलेलं. आमच्याकडं नुसता नंबर.'
मी म्हणालो, दाखव तर आमच्या नंबरचं घर. त्याने दार अर्धं उघडलं.
कॅनची मान पांढरी होती. खांद्यापर्यंत बर्फाची साय.
मी विचारलं, हे काय? 'एसीची थंडी हाय, भाई.' माझ्याकडे न बघता म्हणाला आणि दार लोटलं.
अठ्ठावीस वर्षं कॅन सांभाळतो मी. चांगला कॅन बाहेरून कोरडा असतो, हात लावला तर घरातल्या हंड्यासारखा. बाहेर बर्फ आला म्हणजे आतली थंडी गळू लागली. पंधरा दिवसांचा नायट्रोजन दोन दिवसांत उडतो.
परतताना गाडीत मं. खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, 'तिघांतलं एक तरी ऱ्हाईल ना ओ?' मी म्हणालो, राहील.

१६ नोव्हेंबर
जप धड झाला नाही. माळेवर बोटं फिरली, मन त्या दाराशी.
तालुक्याला जाऊन मॅडमना फोन लावला. कॅन बदला म्हणून सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग, 'काका, तुम्ही गुरांच्या दवाखान्यात ना? तिथलं वेगळं असतं.'
काय वेगळं असतं? नायट्रोजन तोच. एकाच टाकीतून भरून येतो. गाईला एक थंडी आणि बाईला दुसरी, असं असतं का?

२ डिसेंबर
केंद्राला लेखी विचारलं होतं, रजिस्टर पोस्टाने. आज उत्तर आलं. दोन ओळी. 'साठा सुस्थितीत आहे. नोंदवही नियमित आहे.'
नोंदवही नियमित असणारच. नोंदवही कशी नियमित ठेवतात ते मला माहीत आहे.

२० डिसेंबर
मंदाला खात्याच्या मीटिंगचं खोटं सांगून एकटा गेलो. करीमभाईला समोरच्या टपरीवर नेलं. आधी, 'मला काय म्हाईत भाई.' दुसरा चहा झाल्यावर बोलला.
दिवाळीत चार दिवस केंद्राला कुलूप. कॅन आधीपासूनच पाझरत होता, त्याने तोंडी सांगितलंही होतं. पाचव्या दिवशी येऊन पातळी मोजायची पट्टी घातली तर कोरडी आली. बिलकुल कोरडी.
'मंग?'
'मंग काय. साहब बोले, भर दे. मैं भर दिया. चार दिवसाच्या सह्या बी करून घेतल्या.'
आता नवा कॅन आला आहे. त्यात सगळं हलवलं. वरून आता सगळं बराबर आहे. पण एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं तर सहसा जगत नाही.
मी विचारलं, किती जणांचे होते त्यात? त्याने हात जोडले. 'भाई, माझ्या घरात बी सहा खानारे हायेत.'
त्याच्यावर रागावता आलं नाही. याचाच जास्त राग आला.

२१ डिसेंबर
का रागावता आलं नाही ते लिहितो. इथे नाही तर कुठे लिहिणार.
अकरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. जिल्ह्याहून नायट्रोजनची गाडी आली नाही. मी भावाच्या सोयरिकीला गेल्तो, तीन दिवस. आलो, पट्टी घातली, कोरडी. दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी गळ्यापर्यंत भरून घेतलं आणि वहीत 'पातळी योग्य' लिहिलं. साहेबांना सांगितलं नाही. बदली होईल ही भीती, दुसरं काही नाही.
त्या कांड्या चार महिने वापरल्या. एकही गाय गाभण राहिली नाही. सगळ्या उलटल्या, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. राधाबाई एकटी बाई, एकच गाय. चार वेळा तीन कोस चालवत आणली. साहेब म्हणाले, गाईतच दोष आहे. मी गाईची दोरी धरून उभा. चौथ्या वेळी राधाबाईने गाईला भाकड म्हणून शिव्या घातल्या आणि मला, तुम्ही लई कष्ट घेतले म्हणून चहा पाजला. पुढच्या बाजारी गाय विकली.
चहा प्यालो मी तो.
देवाने हिशेब केला असं म्हणायची सोय आहे. पण मं.ने कुणाचं काय केलं होतं? तिला मध्ये घालून माझ्याशी बोलणारा देव मला नको. हे लिहून हात थांबला. खोडत नाही.

५ जानेवारी २००७
केंद्रातून पत्र. तारीख बावीस. आठ दिवस आधीपासून घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत.
फोन लावला. मॅडमना सरळ विचारलं, कॅन कोरडा पडला होता का? त्यांनी उलट विचारलं, 'कोण म्हणालं तुम्हाला?' करीमभाईचं नाव घेतलं नाही. मग त्या समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, 'काका, आपण वितळवून बघू. टिकले तर सोडू. आणि सोडूनही नाही राहिलं तर मनाची तयारी ठेवा. त्यांचं वय झालंय. गर्भाशय घेतंच असं नाही.'
म्हणजे ठरलेलंच आहे. गाईतच दोष.
मं. पुन्हा चार महिने पदर तोंडावर ओढून बसेल. मागच्या वेळी म्हणाली होती, 'माझ्यातच माती हाय.' पुन्हा तेच म्हणेल, आणि मी दोरी धरून उभा.

९ जानेवारी
सांगायचं ठरवतो, ती समोर आली की राहतं. आज तीळ निवडत बसली होती. गुणगुणत होती. कितीतरी वर्षांनी.
सांगितलं तर आशा जाईल. नाही सांगितलं तर दोष तिच्या अंगावर जाईल. दोन्हीतलं कमी वाईट...

१२ जानेवारी
सांगितलं. दुपारी, ओसरीवर. कॅनच्या मानेवरचा बर्फ, दिवाळीचे चार दिवस, करीमभाई, सगळं. राधाबाईच्या गाईचंही. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर बंद झालं नाही.
ती ऐकत होती. सुपातला हात तसाच.
मग म्हणाली, 'तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं तिथं बघायला?'
मी म्हणालो, दिसलं.
'दिसलं! दुसऱ्या कुनाच्या नवऱ्याला दिसलं का? त्या सगळ्या बाया गोळ्या घेऊन राह्यल्या असतील, खुशाल. मीच एक.'
मी म्हणालो, उद्या तुझ्यावर आलं तर तुला माहीत असावं, दोष तुझा नाही.
'राधाबाईला सांगितलं का मंग तुम्ही? अकरा वर्षांत? न्हाई ना? तिला न्हाई सांगितलं तर मलाच का सांगायलेत?'
मी सुपाबाहेर सांडलेले तीळ वेचत राहिलो.
ती सूप उचलून आत गेली.

१३ जानेवारी
बोलत नाही. भाकरी ताटात वाढते आणि जाते. देवाचा दिवा लागला नाही आज. मी लावला. तिने लांबूनच पाहिलं.

१५ जानेवारी
संक्रांतीचे दिवस. शेजारची शोभा कुंकवाला बोलवायला आली. मं. दारातूनच म्हणाली, 'मला जमायचं न्हाई.'
'का गं वहिनी? बाहेरची हायेस का?'
'तसंच समज.'
शोभाने हातातला तिळगूळ उंबऱ्यावर ठेवला. मं.ने घेतला नाही. मी अबोला समजत होतो. तीळ डब्यात तसेच. कपाळाला कुंकू नाही. तीन दिवस देवघराची पायरी चढली नाही, देवाच्या तांब्याला हात लावला नाही, घोंगडी वेगळी अंथरली.
मग लक्षात आलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचं दोन महिन्यांचं पडलं होतं, तेव्हा माझ्या आईने तिला असंच सुतकात बसवलं होतं. तीन दिवस. तेव्हा मी विचारलं होतं, मी काय पाळायचं? आई म्हणाली होती, 'बापाला नुसती आंघूळ.'
आज बसवायला कुणी नाही. ती आपली आपण बसली.
विहिरीवर गेलो. अंगावरच्या कपड्यांनिशी चार बादल्या डोक्यावर घेतल्या. कुणासाठी म्हणायचं? तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. नाव नाही. गेले की आहेत तेही ठाऊक नाही.
ओला घरात आलो. तिने बघितलं. दोरीवरचा पंचा काढून हातात दिला.

१६ जानेवारी
उठलो तर न्हाणीत पाण्याचा आवाज. डोक्यावरून आंघोळ करून आली. देव घासले. दिवा लावला. केस ओलेच, चहा आणून ठेवला आणि समोर बसली.
'तारीख बावीसच ना?'
'हं.'
'गोळ्या परवापासून सुरू करायच्या व्हत्या. दोन दिवस गेले. चालतंय का इचारा मॅडमला.'
मी म्हणालो, मंदा, अगं...
'इचारा म्हनलं ना.' मग जरा खालच्या आवाजात, 'तिघांतलं एखादं चिवट असंल. तुमच्या त्या एवढ्या कांड्यांत एक बी गाय ऱ्हायली नव्हती का? नीट आठवा.'
आठवतो आहे. सकाळपासून तेच करतो आहे. जुन्या वह्या काढल्या. त्या चार महिन्यांतली पानं एकेक करून बघितली. एका गाईपुढे काहीच लिहिलेलं नाही, गाभणही नाही, उलटलीही नाही. मालक गाव सोडून गेला होता बहुतेक.
मं.ला ते पान दाखवलं. तिने त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे मालक कुठल्या गावचे?'
ती गाय राहिली होती का, उद्या चौकशीला जातो.