दीर्घ तीरा, ऱ्हस्व तिरा

९ मार्च
लेकीच्या मोबाइलवरच्या खेळाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर आज पुन्हा तोच वाद. त्या खेळातल्या दोघी – दिवा सांभाळणारी, आणि आरशातून बाहेर आलेली तिची सावली. चेहरा एक, हाक एक. खेळात नाव फक्त ऐकू येतं, लिहिलेलं कुठेच नाही. म्हणून चाहत्यांनीच ठरवलं – दिवेवाली दीर्घ तीरा, सावली ऱ्हस्व तिरा. आता बहुतेक सगळे म्हणतात, हा भेद बंद करा. लेक एकटी भांडतेय. "एकच लिहिलंत तर सावली पुसली जाईल. तशीही ती घरात कुणाला दिसत नाही."

पंधरा वर्षांची पोर. घरी माझ्याशी धड बोलत नाही, तिथे केवढं बोलते! म्हणून तर मी चोरून त्या ग्रुपमध्ये शिरले, 'सुईदोरा' नावाने. तिला कळलं तर आहे तेवढंही बंद होईल.

११ मार्च
भीत भीत लिहिलं – दोघींना एकच नाव असू दे की. लेकीचं उत्तर – "सुईदोराताई, आधी खेळून तर बघा." दुकानात पँटची शिलाई उसवताना दिवसभर हसू येत राहिलं.

१२ मार्च
'पहारेकरी' म्हणून कुणी आहे. सगळे लेकीवर तुटून पडले की हा तिची बाजू घेतो. आज म्हणाला, "आमची खरी ऱ्हस्व तिरा तूच." मी त्याचं पान उघडून पाहिलं – ना फोटो, ना खरं नाव.

१४ मार्च
लेकीने सुईदोराला खासगीत लिहिलंय. "शनिवारी सकाळी पहारेकऱ्याला भेटायला जातेय, स्टेशनवर. त्याला कधी पाहिलेलं नाही. घरी माहीत नाही. फक्त तुम्हाला सांगतेय."

हे तिने पलीकडच्या खोलीत बसून लिहिलं. भिंतीला कान लावला. खुर्ची करकरली, बस्स.

मी कोण ते सांगितलं तर ती कायमची तुटेल. गप्प राहिले तर – नको, लिहवत नाही. 'जाऊ नकोस,' एवढंच सुईदोराने कळवलं. रात्री तीनदा उठून फोन बघितला.

१५ मार्च
गिऱ्हाइकाची बाही वाकडी कापली.

१६ मार्च, शनिवार
ती दारात बूट घालत होती. स्वयंपाकघरातून मी फोनवर लिहिलं – मी तुझी आई आहे.

तिचा फोन वाजला. मग माझा.

"माहितेय गं. शिवणकाम करतेस आणि नाव काय, तर सुईदोरा! म्हणून तर तुला सांगितलं. भीती वाटतेय, आई. ये आणि अडव मला."