अकरा ए आणि एक बी

३ जानेवारी, सकाळी ७.१०
दुकान उघडण्याआधी धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या गुणपत्रिकेच्या सहा झेरॉक्स काढत होतो. अकरा ए, एक बी. बी रसायनशास्त्रात. तिला हव्या त्या कॉलेजात शंभरातले सहाच घेतात. दुधात मिठाचा खडा.
पेपरला ती तासभर उशिरा पोहोचली, कारण घरातल्या भिंतीवर जुने वेळापत्रक होते. ते मी लॅमिनेट केले होते. शाळेने वेळ नंतर बदलली, त्याला मी काय करणार?
संकल्प: आई गेल्यापासून घरात दोघेच, तेव्हा प्रवेशाचे सर्व मी बघणार. माझी शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलेले नाही.

९ जानेवारी
शाळेच्या समुपदेशक बाईंना भेटलो. म्हणाल्या, एका बीने आभाळ कोसळत नाही हो. अवघड विषय घेतलाय हे ते बघतात, शिफारसपत्रं उत्तम आहेत, आता कशाला हात लावू नका. मी म्हटले, बाई, मला बहीण एकच आहे. म्हणाल्या, म्हणूनच सांगतेय.
बाई अनुभवी आहेत. दूरदृष्टी नाही.

१४ जानेवारी
छोटीने फॉर्म परस्पर पाठवला. 'कमी श्रेणीचे कारण' या चौकटीत काय लिहिलेस, विचारले. म्हणाली, पेपर अवघड गेला. एवढंच? एवढंच. दादा, तू जेवून घे बघू.
भाबडी पोर. तीन शब्दांत कोणी प्रवेश देते का?

१५ जानेवारी, दुपारी १.४०
गिऱ्हाईक नाही. कॉलेजला पत्र लिहिले. चार पाने. दोष सर्वस्वी शाळेचा, बदललेली वेळ कळवलीच नाही. एकही वेलांटी चुकलेली नाही. पुरावा म्हणून वेळापत्रक जोडले, लॅमिनेशनसह. छोटीला सांगितले नाही. आनंद एकदम दिलेला बरा.

२ फेब्रुवारी
उत्तर नाही. म्हणजे नीट वाचत आहेत. दुसरे पत्र टाकले.
कॉलेजजवळ दोन खोल्या घ्याव्यात. पुढच्या खोलीत मशीन, मागे आम्ही. ती एकटी कशी राहील?

१९ फेब्रुवारी
कॉलेजने शाळेला विचारले: मुलगी म्हणते पेपर अवघड गेला, भाऊ म्हणतो शाळेने कळवले नाही. खरे कोण? शाळेने फाइल काढली. बदललेल्या वेळेची चिठ्ठी परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आली होती, पेपरच्या आठ दिवस आधी. पालक म्हणून खाली माझी सही.
सही सुवाच्य आहे. चिठ्ठी मी घरच्या फाइललाही लावली असणार. भिंतीवरचा कागद काढायचा राहिला, इतकेच.
बाई म्हणाल्या, दादासाहेब, अजून काही लिहायचं उरलंय? मी म्हटले, तिसरे पत्र तयार आहे. त्यांनी मागून घेतले आणि परत दिले नाही.
संध्याकाळी छोटी म्हणाली, तुझं नाव यायला नको म्हणून तीन शब्दांत मिटवलं होतं रे मी. मग भांडी घासली. माझेही ताट.

२८ मार्च
प्रतीक्षा यादी. नकार नव्हे!
बाई म्हणाल्या, बीचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. दोन जबाब जुळेनात, तिथं अडलं.
बाई नेहमी टोकाचे बोलतात.

११ जून
यादी बंद झाली. छोटी दुसऱ्या एका कॉलेजात जाणार, आगगाडीने दोन दिवस. तिथे फॉर्म कधी भरला, मला माहीत नाही. खोल्या बघायला येतो म्हटले. म्हणाली, वसतिगृह आहे. भेटायला येऊ देतात का? म्हणाली, विचारून सांगते.

३० ऑगस्ट, सकाळी ६.२५
गाडी वेळेवर सुटली. तिने अजून विचारलेले नसावे, कामात असते.
घरी आलो तर माझ्या टेबलावर पाकीट. आत नोटा आणि सुटी नाणी. सोबत चिठ्ठी नाही, म्हणून हिशेब मीच मांडला.
फॉर्मची फी, मी दिलेली: ९००
माझी दोन पत्रे, रजिस्टर पोस्ट: २७५
एकूण खर्च: १,१७५
पाकिटात: १,१७५
छोटीकडून येणे: काही नाही.
दोनदा मोजले. बरोबर आहे.