हॅस्केलवरून भांडण

सेंट लुईस, रविवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, पोटभर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

काल कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटीच सूप पीत बसले होते. शेजारच्या टेबलावर काही म्हातारे बेसबॉलवरून भांडत होते. व्हर्जिल नावाचे आजोबा म्हणाले, "आपल्या संघाने हॅस्केलला दुसऱ्या संघाला देऊन तीन तरुण पोरं घेतली, बरं झालं. चेंडू टाकण्यात तो कसला थोर पिचर!"

मला राहवेना. "अहो, माझे बाबा म्हणतात, त्याच्यासारखा आजवर झाला नाही!"

"मग बाबांना चष्मा घेऊन दे!"

आम्ही तासभर कडाडून भांडलो. मीच हरले. पण उठताना ते म्हणाले, "उद्याही ये गं भांडायला. नाव काय तुझं?"

बाबा, या शहरात माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारलं.

गुडघा शेकत जा.

तुमची भांडखोर,
नॅडीन