रोज मासे खाणारी मुलगी

डॉक्टर मॅडम,

शाळेतल्या तपासणीत तुम्ही विचारलंत, "मासे खातेस ना?" मी म्हटलं, "रोज." मासे विकणारीची लेक दुसरं काय सांगणार? खरं तर सुरमई गणपतीपुळ्याच्या हॉटेलांत जाते. उरलेले बांगडे बाबा आणि दादाच्या ताटात, कारण ते होडीवर जातात. आई आणि मी नुसत्या सारासोबत भात जेवतो.

तुम्ही दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यासुद्धा मी खात नाही. शाळेने मुलींच्या आयांसाठी दिल्यात, असं सांगून आईला देते. तुम्हाला कळलं तर बंद कराल, म्हणून हे पत्र माझ्याच दप्तरात राहील. पुढच्या वेळी माझं रक्त कमीच निघेल, तेव्हा रागावू नका. पण माशांची पाटी डोक्यावर घेताना आई आता चक्कर येऊन भिंत धरत नाही.

तुमच्याशी खोटं बोललेली,
ईशा