रेषेपर्यंत भरलेले तेल

मी, मथुरा जनार्दन कांदळगावकर, वय ७१, शिक्षण बी.एस्सी. (रसायनशास्त्र, १९७५), निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि कोणाचा धाक नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, म्हणून लोक ते न वाचता पुढे जातात. इथे तसे करू नये. बाकीचे सगळे त्या एका वाक्यावर उभे आहे.

कलम १. माझ्या यकृताचा आजार आता औषधाच्या पलीकडे गेला आहे. दिवाळी दिसेल, पुढचे सांगता येणार नाही, असे डॉ. रसिका पाटकर यांनी माझ्या आग्रहावरून स्पष्ट सांगितले. माझा मुलगा विनीत, राहणार पुणे, नातेवाइकांना फोनवर सांगतो की औषधांमुळे आई भ्रमात बोलते. हे मृत्युपत्र कोर्टात टिकू देणार नाही, असे तो माझ्या तोंडावर म्हणाला आहे. मी भ्रमिष्ट ठरले तर कलम ४ खोटे ठरेल, आणि लवू मेस्त या माणसावर मी लावलेला डाग माझ्यामागे तसाच राहील. मला दुसरी कसलीही भीती उरलेली नाही.

म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि विचारले, "आता ऋण संख्यांत जाऊ का?" त्यांनी दाखला लिहायला घेतला.

कलम २. राहते घर, परसातली चौदा माडांची बाग आणि बँकेतील ठेवी विनीतला. वाद नको. माडांवर नारळ उतरवणारा पाडेली वेळेवर चढवावा, झावळ छपरावर पडली की कौले फुटतात. सोन्याच्या चार बांगड्या सुनेला, म्हणजे दीपिकाला. तिने एकदाही मला वेडी म्हटले नाही.

कलम ३. गाडीसुद्धा विनीतला.

ही दोन आसनांची, उघडी, हिरवी गाडी माझ्या यजमानांनी १९९९ साली गोव्यातून जुनी आणली. वजन सहाशे किलोच्या आत. बॉडी फायबरची, म्हणून त्यांना ती आवडली. ते फायबरच्या होड्या रेझिन लावून दुरुस्त करीत, त्यामुळे तडा गेला तरी घरच्या घरी भरता येई. गावात तिला तवसा म्हणत, कारण ती काकडीसारखीच दिसते. ज्या अपघातात यजमान गेले, त्यानंतर ती पोलिसांकडून परत मिळाली तेव्हा पुढचा भाग उरला नव्हता. केस संपल्यावर मी ती बांधायला घेतली. तिचे ब्रेक करणाऱ्या लवूचा दोष शोधून काढायचाच, या एका हट्टाने मी साठीच्या उंबरठ्यावर पाने हातात धरले. आता तिचा एकेक बोल्ट मला ओळखतो.

विनीत, तू ती विकणार असशील तर विक. ठेवणार असशील तर हे वाच.

दिवा मंद लागला तर बल्ब बदलू नकोस. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थिंगची वायर आहे आणि खारी हवा तिचे टोक खाते. ते टोक घासून काढ, व्हॅसलीन लाव. समुद्राच्या रस्त्याने गाडी गेली तर त्याच संध्याकाळी खालून विहिरीच्या पाण्याने धू. वरून चकाकेल, पण लोखंडी सांगाडा सीटच्या मागे गंजतो, तिथे बोटाने चाचपून बघ. जॅक फक्त मी पांढरा रंग लावलेल्या चार जागी लाव, दुसरीकडे लावलास तर तळ फुटेल. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, चिकटतो. चाकाखाली नारळाचे सोडण, म्हणजे सुके साल, सार. सुरू झाली नाही तर आधी डिस्ट्रिब्युटरचे टोपण कोरड्या फडक्याने पूस आणि मगच शिव्या दे. हलकी गाडी चूक लपवत नाही. जड गाडीत जे वर्षभर कळत नाही ते हिच्यात चार दिवसांत कळते.

ब्रेकचे तेल दर वेळी नवीन, सीलबंद, लहान डब्यातले घे. उरलेले ठेवू नकोस. कशातही ओतू नकोस. कारण पुढे आहे.

कलम ४. सत्य.

२८ सप्टेंबर २००६ रोजी लवू बाबल मेस्त याने या गाडीच्या ब्रेकची सगळी रबरे नवी घातली आणि नवे तेल भरले. तेलाची पातळी त्याने वरच्या रेषेच्या बोटभर खाली ठेवली होती. ती बरोबर होती.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. हत्यारांच्या पूजेसाठी मी शेड झाडली, पाने पुसले, फळ्या धुतल्या. अर्धे डबे मला आयुष्यात कधी खपले नाहीत. फळीवर दोन अर्धे डबे होते, दोन्हींवरचे कागद दमट हवेने गळून गेलेले. दोन्हींतले तेल पातळ, फिकट पिवळे. दोन्ही ब्रेकचेच, असे मी ठरवले. शेडमध्ये यजमान होते, त्यांना विचारले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेली तपकिरी बाटली घासून आणली, दोन्ही डबे तिच्यात रिकामे केले आणि चिठ्ठी डकवली : "ब्रेक ऑइल, १/१०/२००६." मग गाडीचे झाकण उघडले. तेल रेषेला नव्हते. मी रेषेपर्यंत भरले. वर हळदकुंकू वाहिले.

एक डबा जॅकच्या तेलाचा होता. ते खनिज तेल. ब्रेकच्या तेलात ते मिसळत नाही, हलके असल्यामुळे वर तरंगते, आणि बाटली वाकवली की आधी तेच बाहेर पडते. ब्रेकच्या रबराला ते लागले की रबर फुगते आणि दाबलेला ब्रेक पुरता सुटत नाही. हे मी मुलांना कधी शिकवले नाही, तरी माझ्या स्वतःच्या परीक्षेत लिहिले होते.

तीन-चार दिवसांनी यजमान म्हणाले, "पॅडल सोडलंय तरी गाडी धरून ठेवता गो. एकदा लवूक दाखवतंय."

मी म्हणाले, "नवीन रबर आसा, बसाक येळ लागतलो. आधी कोल्हापुरासून रेझिन हाडा. होडयेवाले दारात उभे आसत."

ते हसले. "मास्तरीण सांगता तां खरां."

७ ऑक्टोबरला सकाळी, कोल्हापुराहून परत येताना ते करूळ घाट उतरत असता, धरून राहिलेले ब्रेक तापले, तेल उकळले, पॅडल तळाला गेले. वैभववाडीच्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा त्यांच्या बुटाला रेझिन लागलेले होते, आणि ते अजून ओले होते.

सीटखाली लवूचा दहा-अकराचा पाना सापडला. तो कामाच्या दिवशी विसरला असणार. मी तो पोलिसांना दिला आणि जबाबात सांगितले की स्वतःस मेकॅनिक म्हणवणाऱ्या या इसमाने घाईत काम उरकले, हत्यारही गाडीत टाकून गेला. शब्द माझे आहेत. पोलिसांनी जसेच्या तसे लिहिले, कारण मी बाई होते, शिकलेली होते आणि रडत नव्हते. लवू सहा वर्षे तारखांना गेला. पुराव्याअभावी सुटला. पण त्याच्याकडे दिलेली गाडी घाटात जाते, असे लोक बोलू लागले होते, आणि ते ऐकून मी गप्प राहिले. त्याने गॅरेज बंद केले. तो आज पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरतो.

कोर्टात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत असे : "रबर माज्या हातान नवीन घातलंय." ते खरे होते. या वर्षी एप्रिलमध्ये मी ब्रेकचा मुख्य सिलिंडर उघडला. तो मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता, त्याच्यात लवूचा गुन्हा सापडेल म्हणून. आतली रबरे भिजवलेल्या वालासारखी फुगलेली होती. नवे तेल घ्यायला फळीकडे वळले तर मागच्या रांगेत तपकिरी बाटली. उजेडात धरली. आत दोन थर होते.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. एकाच डबीतली दोन नवी रबरे घेतली, एक नव्या ब्रेक तेलात टाकले, दुसरे बाटलीतल्या वरच्या थरात. रोज कॅलिपरने मोजले. आठव्या दिवशी पहिले होते तसेच होते. दुसरे सिलिंडरच्या तोंडातही जाईना. मोजमापांची वही जोडली आहे. त्या आठवड्यात मी जेवत होते की नाही, मला आठवत नाही.

कलम ५. हे मी जिवंतपणी का सांगत नाही, असे कोणी विचारील. सांगितले.

पोलीस ठाण्यात सांगितले. "केस बंद झाली, बाई," म्हणाले, आणि मला चहा दिला. देवळात, आरतीनंतर, सगळ्यांसमोर सांगितले. लोकांनी माना हलवल्या आणि संध्याकाळी विनीतला फोन गेले की आईकडे बघ. विनीत आला. म्हणाला, "आई, सांगून बाबा परत येणार आहेत का? शेवटी लोक तुझं नाव काय घेतील?" मग बाटली ओतून टाकायला माडाखाली घेऊन गेला. मी त्याचे मनगट धरले. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या हातात किती जोर आहे ते त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळले. बाटली आता ॲड. नम्रता तोंडवळकर यांच्या कपाटात आहे.

लवूकडे मी गाडी घेऊनच गेले. पंपावर. त्याने गाडी ओळखली, माझ्याकडे बघितले नाही, नळी घेऊन खाली बसला.

"लवू, चूक माजी होती," मी म्हणाले. "तेल मी घातलंय."

"फुडे बावीस घातलंय, मागे चोवीस."

"लवू, आयकतंस मां?"

"हवा झाली, बाईनू. मागसून रिक्षा इली हा, गाडी काडा."

मग त्याच्या घरी गेले. त्याची बायको लक्ष्मी खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमाची सोले वाळत घालत होती. "एकोणीस वर्सां ह्या खळ्यात तुमचो पाय लागलो नाय," ती म्हणाली. "आता दुखण्यान आठवण करून दिल्यान?" तिने बसायला सांगितले नाही, आणि ते योग्यच होते.

कलम ६. ~~माझी शेड, तिच्यातील सर्व हत्यारे, कॉम्प्रेसर आणि शेडखालची दोन गुंठे जागा लवू बाबल मेस्त यास, त्याने तिथे पुन्हा गॅरेज घालावे म्हणून.~~

हे कलम मी आज खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. कारण असे.

मसुद्यासाठी लवूचे पूर्ण नाव हवे होते म्हणून नम्रता काल त्याच्याकडे गेली आणि मसुद्याची प्रत तिथे ठेवून आली. आज सकाळी तो स्वतः दारात आला. प्रत हातात, घडी मोडून मऊ झालेली.

"ह्यां तुमी लिवलास?"

"होय."

"वाचून दाखवा. माजां वाचून झालां, तरी तुमच्या तोंडान आयकतंय."

मी कलम ४ वाचले. तो उभा राहून ऐकत होता. जिथे त्याने विसरलेला पाना येतो तिथे त्याने एकदाच मान हलवली.

"तो पानो माका कामाच्या दिवशीच गावना नाय होतो," तो म्हणाला. मग, "माका शेड नको. साक्षीदार कोण आसा?"

सह्यांसाठी आलेल्या नम्रताने त्याला समजावले की ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, विनीतचा वकील पहिला तिथेच बोट ठेवील.

"मगे माजां नाव थंयसून काडा आनि हंयसर घाला."

मी म्हणाले, "लवू, जागा घे. गॅरेज घाल. मी हात जोडतंय."

"साठ वर्सां झाली माका. आता कोणाच्यो गाडयो येतल्यो?" त्याने प्रत माझ्यापुढे ठेवली. "तेवा पोलिसांनी माजी सही घेतल्यानी, कागद वाचूक दिल्यानी नाय. हो कागद मी वाचलंय. हेच्यार सही करूची आसा माका."

मी त्याला माफीबद्दल विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकार नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही. पोलिसांकडून गाडीबरोबर परत आलेला पाना मात्र घेतला. ते दान नाही, वस्तू त्याचीच आहे, म्हणून या मृत्युपत्राच्या हिशेबात ती धरू नये. शेड, तिच्याखालची जागा आणि हत्यारे आता गाडीबरोबर विनीतकडे जातील.

कलम ७. ॲड. नम्रता तोंडवळकर यांना मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमते. माझ्या तेराव्यापर्यंत थांबू नये. पहिल्या ग्रामसभेत कलम ४ पूर्ण, मोठ्याने वाचावे. नंतर ते जिल्ह्यातील वर्तमानपत्रात छापावे. खर्च माझ्या ठेवीतून करावा.

विनीत, तू माझ्याविरुद्ध कोर्टात गेलास तरी घर तुझेच आहे, ते मी काढून घेत नाही. पण जाण्याआधी एक कर. दोन रबरे घे, दोन वाट्या घे, आठ दिवस थांब. स्वतः मोज. तुझ्या मोजणीत माझ्यापेक्षा वेगळे आले तर मी वेडी होते असे खुशाल सांग. तेच आले तर लवूकडे जा. मी गेले तेव्हा फार उशीर झाला होता. तुझा इतका झालेला नसेल.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनी माझ्यासमक्ष केली.

मथुरा जनार्दन कांदळगावकर
(सही)

साक्षीदार १ : डॉ. रसिका पाटकर, वय ४४, धंदा : वैद्यकीय, राहणार मालवण. (सही)

साक्षीदार २ : लवू बाबल मेस्त, वय ६०, धंदा : ~~पंपावर नोकरी~~ मोटार मेकॅनिक, राहणार तोंडवली. (सही)
खोडलेले शब्द मी लिहिले होते. बदल साक्षीदाराने सांगितला तसा केला आहे. म. ज. कां.

ठिकाण : तोंडवली
दिनांक : १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी